माणसं लय चांगली

सौरवनं भोयरसरांना एवढंच सांगितलं होतं की सर, कौतुक नको, माहिती पाहिजे. पुढं जे झालं त्याला सौरव जबाबदार नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण सरांच्या प्रतापनगरात काही लोक अजूनही त्याच्याच नावानं बोटं मोडतात.

हा सौरव सरांचा जुना विद्यार्थी. रामदासपेठेत औषधांच्या एका दुकानाच्या वरच्या खोलीत बसून तो 'उद्योगवैभव पत्रिका' नावाचं साप्ताहिक काढायचा. दर मंगळवारी निघणाऱ्या त्या साप्ताहिकाला सगळे नुसतं 'पत्रिका' म्हणत. हा शब्द ध्यानात ठेवा, कारण पुढं त्यानंच घोळ घातला आहे. तर या पत्रिकेत कंपन्यांवर लेख लिहिणारा आधीचा गृहस्थ कंपनीचं माहितीपत्रक समोर ठेवून जसंच्या तसं उतरवून काढायचा. एकदा त्यानं 'अधिक माहितीसाठी खालील क्रमांकावर संपर्क साधा' हेसुद्धा लेखात घातलं आणि खाली क्रमांक द्यायला विसरला. सौरवनं त्याला नारळ दिला आणि मराठीच्या निवृत्त सरांना बोलावून घेतलं.

"सर, कंपनीचं नाव ऐरावत पॅकेजिंग. हिंगण्याच्या एमआयडीसीत तेलाचे पिपे बनवते. कंपनीचीबी माहिती काढा अन् त्या धंद्याचीबी. पिपे कोण घेते, काहून घेते, उद्या घेईन का नाही घेईन. मले रिसर्च पायजे."

रिसर्च! गोविंदा भोयर या माणसानं उभा जन्म दुसऱ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्यात घालवला होता आणि निवृत्त झाल्यापासून त्यांना घरात कुणी दळण आणण्यापलीकडं काही विचारत नव्हतं. त्यामुळं सर त्या दिवशी जिना उतरले तेच वेगळ्या चालीनं.

संध्याकाळपर्यंत ही बातमी शेजारच्या रंभाबाईंकडं पोचली. रंभाबाईंचा मुलगा रोशन एका दवाखान्याच्या औषध-भांडारात नोकरीला होता. पगार बेताचा, पण महिन्याच्या महिन्याला हातात पडणारा. त्यानं ऐरावतमध्ये स्टोअरच्या जागेसाठी अर्ज करून ठेवला होता. तो आला आणि सरांच्या समोर खुर्चीच्या कडेवर बसला.

"काका, तुमी ते कंपनी पाहूनच राहिले, तर मले खरं काय ते सांगा. तुमी हो म्हटलं तर दवाखान्यातली सोडतो. नाही म्हटलं तर नाव काढत नाही."

"तुमच्याच भरोशावर हाये सर पोरगं," रंभाबाई दारातून म्हणाल्या. "याच्या बाबांच्या मागं मी कोणाले इचारू?"

"अगदी निश्चिंत राहा," सर म्हणाले. सर घरीदारी छापील मराठी बोलत. "मी मुळापर्यंत जाणार आहे."

मुळापर्यंत जायचं कसं, हे मात्र सरांना ठाऊक नव्हतं. ते सांगायला पलीकडच्या घरातले नत्थूजी होतेच. नत्थूजी सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्यांच्याकडं एकच औषध असे. "माहितीचा अधिकार टाका, सर. थरथर कापते माणूस." सरांनी टाकला. उत्तर आलं की कंपनी खाजगी आहे, सबब विषय या कार्यालयाशी संबंधित नाही. अर्जातला 'संबंधित' सरांनी बरोबर लिहिला होता. उत्तरात तो 'सबंधीत' असा आला होता. नकारापेक्षा सरांना ते जास्त लागलं.

मग सर सदर भागातल्या एका कचेरीत गेले. तिथं कंपन्यांचे कागद पाहायला मिळतात असं नत्थूजींनीच सांगितलं होतं. खिडकीतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "तुमी कंपनीचे कोण?"

"कोणी नाही. मी लेखक आहे."

"लेखकाचं इथं काई नाही होत. डायरेक्टर आहे का? शेअरहोल्डर? मयत मालकाचे वारस?"

"मालक जिवंत आहेत."

"मंग वारसबी नाही झाले तुमी." त्यानं पहिल्यांदा मान वर केली आणि सरांचे पिकलेले केस पाहून थोडा नरमला. "काका, सगळं ऑनलाइन असते आता. घरी बसून दिसते. पोरापोरीले सांगा, दाखवून देईन."

आता हा माणूस खरं बोलत होता. पण सरांनी आजवर जिथं जिथं 'ऑनलाइन' हा शब्द ऐकला होता, तिथं तिथं त्याचा अर्थ 'निघा' असाच होता. शिवाय पुण्याला नोकरी करणाऱ्या करिष्माला, म्हणजे स्वतःच्या मुलीला फोन करून 'बाळ, मला जमत नाही' म्हणायचं, ही गोष्ट सरांच्या जिवावर आली. ते उन्हात स्कूटर ढकलत घरी आले. हो, ढकलत, पेट्रोल संपलं होतं आणि त्याचं खापरसुद्धा त्यांनी त्या खिडकीवर फोडलं.

घरी कौसल्याकाकूंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. "एवढं काय त्यात? माहितीच काढायची ना? हर्षाच्या स्थळाची काढली तशी काढा."

आणि सरांचे डोळे लकाकले. चौकशी! हर्षा ही सरांची भाची. तिच्यासाठी सरांनी जी चौकशी केली होती तिची आठवण नातेवाइकांत अजून निघते. मुलाकडच्यांना एक शब्द न विचारता, त्यांच्या गल्लीतला किराणावाला, न्हावी, इस्त्रीवाला आणि समोरच्या घरातली म्हातारी एवढ्यांवर सरांनी त्या घराचं सगळं पाणी जोखलं होतं. पार्टीला कधी विचारायचं नाही, आजूबाजूला विचारायचं, हा सरांचा नियम. कंपनी झाली म्हणून काय झालं, तिलाही आजूबाजू असतेच की.

दुसऱ्या दिवशी सर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, बगलेत फाइल धरून, ऐरावतच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले. टपरी कवडूची. सरांनी आधी चहा घेतला, मग चहाची तारीफ केली, मग ठरलेल्या पद्धतीनं सहज विचारावं तसं विचारलं, "काय हो, हे समोरचे ऐरावतवाले कसे आहेत?"

कवडूनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. पांढरा शर्ट, फाइल, पॉलिश केलेले जोडे, दबका आवाज. "तुमाले मुलगी हाये का जी?"

सरांना वाटलं, काय आपुलकी आहे! "आहे ना. एकच. पुण्याला असते."

"लग्नाची?"

"म्हणजे वय झालंय. बघू."

झालं. त्या एका क्षणात कवडूच्या हिशेबी सर ऐरावतच्या मालकाच्या मुलासाठी, म्हणजे रजतसाठी, स्थळ पाहायला आलेले मुलीचे बाप झाले. चूक त्याची नाही. सर स्वतः त्या टपरीवर असते तर त्यांनीही हेच ओळखलं असतं. आणि लग्नाच्या चौकशीत आपल्याकडं काय बोलायचं असतं ते कवडूला चांगलं ठाऊक होतं. कोणाचं जुळत आलेलं मोडायचं पाप कोण घेईल डोक्यावर?

"धंदा कसा आहे त्यांचा?" सरांनी विचारलं.

कवडूनं पातेलं उगाच ढवळलं. "माणसं लय चांगली हायेत जी," तो म्हणाला.

सरांनी लिहून घेतलं. फाटकावरचा पहारेकरी, शेजारच्या कारखान्यातला फोरमन, वळणावरचा पंक्चरवाला, सगळ्यांकडून तेच. धंद्याचं विचारा, स्वभावाचं सांगत. मालाला उठाव कसा आहे विचारलं तर पंक्चरवाला म्हणाला, घरात कोणालाच पिण्याची सवय नाही. फोरमननं तर सरांचा हात हातात घेऊन "पोरगी सुखात राहीन" असं सांगितलं. सरांना वाटलं, कारखान्यात स्त्री कामगारांची चांगली काळजी घेतात. तेही लिहून घेतलं.

कारखान्याच्या आवारात गवत वाढलं होतं. ट्रक एकही नव्हता. सरांनी कान देऊन ऐकलं, आत कुठंतरी एकच यंत्र मधूनच ठक् ठक् करत होतं. वहीत त्यांनी नोंद केली: परिसर हिरवागार, शांत व प्रदूषणमुक्त.

धंद्याचा अभ्यास राहिला होता. तो त्यांनी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या उरकायचं ठरवलं. "तेलाच्या पिप्याला भविष्यात मागणी राहील का, एक गृहिणी म्हणून तुझं मत काय?"

"आपल्या घरी शेवटचा पिपा कधी आला, सांगा बरं," काकू म्हणाल्या. "तो तुळशीले लावला तोच ना? तेव्हापासून प्लास्टिकचीच कॅन आणून राहिलो आपण. कोण घेते आता पिपा?"

"एका घरावरून निष्कर्ष काढता येत नाही," सर म्हणाले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन दार लोटून बसले.

इकडं कवडूनं पहारेकऱ्याला सांगितलं, पहारेकऱ्यानं मॅनेजरला आणि मॅनेजरनं मालकाला. फाटकावरच्या वहीत सरांनी नाव, 'निवृत्त शिक्षक' आणि फोन नंबर लिहिलेलाच होता. त्या घरात रजतची तीन जुळत आलेली लग्नं मोडली होती. चौकशीला आलेले लोक फाटकातलं गवत पाहूनच परत जात. अशात एक शिक्षक, सुसंस्कृत माणूस, गवत पाहूनही वहीत काहीतरी लिहून घेतो म्हटल्यावर मालकांनी स्वतः फोन केला. "सर, असं बाहेरबाहेरून काय पाहता? घरी या. सगळं समोरासमोर."

सरांचा नियम पार्टीला न भेटण्याचा होता, पण पार्टीनंच बोलावलं तर नाही कसं म्हणायचं? मालकांच्या रामदासपेठेतल्या बंगल्यात सरांपुढं पोहे आले, चिवडा आला, संत्र्याची बर्फी आली. समोरच्या सोफ्यावर रजत नवा शर्ट घालून, मान खाली घालून बसला होता. उद्योजकांची पुढची पिढी विनयशील आहे, असं सरांनी मनात टिपून ठेवलं.

"आमचं काई मागणं नाही," मालक हात जोडून म्हणाले. "एक रुपयाचंबी नाही. तुमी फक्त हो म्हणा."

सरांना भरून आलं. इतर कंपन्या म्हणे लेखात आपल्याला हवं तेच छापून आणायला मागं लागतात, आणि हा माणूस म्हणतो काही मागणं नाही! "मला हो म्हणायला काहीच अडचण दिसत नाही," सर म्हणाले. "सगळीकडून चांगलंच ऐकलंय."

मालकांनी बायकोकडं पाहिलं. बायकोनं पदरानं डोळे टिपले. "पण पत्रिका पाहावी लागन ना?" त्या म्हणाल्या.

"म्हणजे काय! पत्रिकेशिवाय कसं होईल? मी स्वतः घेऊन येईन."

"मंगळ नाही ना पत्रिकेत?"

"मंगळवारचीच आहे," सर अभिमानानं म्हणाले.

बायकोनं हातातली बर्फीची बशी खाली ठेवली. मग मालक म्हणाले, "चालते. आमच्या रजतलेबी मंगळच हाये. उलट बरं झालं."

मंगळवारी लेख आला. मथळा होता 'ऐरावताची दमदार पावलं'. त्यात मालकांची निरिच्छ वृत्ती होती, निर्व्यसनी कुटुंब होतं, हिरवागार शांत परिसर होता, कामगार लेकींची काळजी होती. सौरवनं छापण्याआधी फोन करून विचारलं होतं, "सर, पिप्याचं काय? विक्रीबिक्री?" तेव्हा सर म्हणाले होते, "मी तिथल्या प्रत्येक माणसाला भेटलोय. तू कोणाला भेटलास?" सौरवनं लेख तसाच छापायला दिला. गुरूंना आणखी काय बोलणार?

रोशननं तो लेख कापून लॅमिनेट करून घेतला. मुलाखतीला गेला तेव्हा तोच घेऊन गेला आणि म्हणाला, मी भोयरसरांच्या शेजारचा. मालकांनी कागद पाहिले नाहीत की दुसरं काही विचारलं नाही. व्याह्यांचा माणूस! उद्यापासून ये म्हणाले. रोशननं दवाखान्यातली नोकरी सोडली आणि रंभाबाईंनी गल्लीत पेढे वाटले. सरांना त्यांनी दोन जास्त दिले.

त्याच आठवड्यात मालकांच्या बायकोचा फोन आला. तो काकूंनी घेतला. काकू पहिल्यांदा "हो, हो" म्हणाल्या, मग नुसत्या ऐकत राहिल्या आणि मग त्यांनी फोन ठेवून सरांना हाक मारली. त्या हाकेचा सूर सरांनी हर्षाच्या काकांना झटका आला तेव्हा ऐकला होता.

"त्या बाई म्हणत होत्या, तुमी पत्रिका देणार होते, दिली ती मासिकासारखी कायतरी, मुलीची काहून नाही दिली. आपल्या करिष्माची! अहो, काय करून आले तुमी?"

मग काकूंनी सगळं काढून घेतलं. कवडू काय म्हणाला, फोरमन काय म्हणाला, पंक्चरवाला काय म्हणाला, एकेक वाक्य. शेवटी त्या पाटावर बसल्या.

"तुमीच मले शिकवलं होतं ना हर्षाच्या वेळी? नोकरीचं विचारलं अन् समोरच्यानं स्वभावाचं सांगितलं, तर चहाचा कप खाली ठेवायचा अन् उठायचं. ते लोक तुमाले पहिल्या दिवसापासून सांगून राहिले होते सर, की धंदा बसला."

काकू लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांना कधी 'सर' म्हणाल्या नव्हत्या. त्यांनी लगेच करिष्माला फोन लावला. तिनं तिकडं संगणकावर पाहून फोनवरच सांगितलं, की बाबा, बँकेनं कंपनीवर केस केलेली दिसते, सगळं इथं आहे, कोणालाही दिसतं, तुम्ही मला का नाही विचारलं? सरांनी फोन काकूंच्या हातात दिला. लाज वाटली म्हणून, हे मुलीला सांगता येत नाही.

सर तसेच उठून रंभाबाईंकडं गेले. रोशन कामाला गेला होता. आता त्याला काय सांगायचं? स्थळ नाही म्हणून मालकांना कळवलं तर व्याह्यांचा माणूस म्हणून लागलेलं पोरगं उद्याच बाहेर. नाही कळवलं तर आपल्या पोरीचं नाव त्या घराशी जोडलेलं. सर रंभाबाईंच्या ओट्यावर उभे राहिले, त्यांनी दिलेलं पाणी प्यायले आणि "सहज आलो होतो" म्हणून परत आले. भेकडपणा होता तो, दुसरं काही नाही. नत्थूजींनी सुचवलं की मालकांना माहितीचा अधिकार टाका.

पुढचा तिढा सरांना सोडवावाच लागला नाही. एके सकाळी रोशन डबा घेऊन गेला तर फाटकाला कुलूप आणि कुलपावर बँकेची नोटीस. आत गवत तसंच. दवाखान्यात त्याच्या जागी दुसरा माणूस बसला होता. रोशन पुन्हा एकदा तिथं जाऊन आला, मग गेला नाही. मालकांच्या बंगल्यावरूनही मुलीच्या पत्रिकेसाठी पुन्हा फोन आला नाही.

तेव्हापासून तो रोज सकाळी डबा घेऊन निघतो आणि कवडूच्या टपरीवर बाकीच्या कामगारांसोबत बसतो. कंपनी उघडन म्हणतात. घरी आला की सरांना दारात पाहून "काय काका" म्हणतो. रागावत नाही. एकदा तरी तो शिव्या देईल तर बरं होईल, असं सरांना वाटतं. सौरवनं फक्त पुढच्या लेखासाठी फोन केला नाही.

आणि त्यात रोशनचं लग्न ठरत आलं. उमरेडकडचं स्थळ, मुलगी नर्स. पेढे वाटले त्याच दिवसांत बोलणी सुरू झालेली. रंभाबाई आदल्या संध्याकाळी येऊन सरांच्या पायाशी बसल्या. "मुलीचे वडील उद्या चौकशीले येऊन राहिले. पहिलं तुमच्याकडंच येतीन. सर, कुलपाचं नका सांगू. उघडते म्हणतात ना? तुमी चांगलं सांगा. एवढं तरी करा."

त्या शेवटच्या वाक्यात टोमणा नव्हता. असता तर सरांना झोप लागली असती.

दुसऱ्या दिवशी ते आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बगलेत फाइल, पॉलिश केलेले जोडे. त्यांनी आधी चहा घेतला, मग चहाची तारीफ केली. मग फाइलमधून एक कात्रण काढलं. "हे पोरानं पाठवलं होतं जी. 'ऐरावताची दमदार पावलं'. भोयर म्हणून कोणी लिहिलं. तुमीच का ते?"

"हो."

"मंग तर कामच झालं," त्या माणसाचा चेहरा खुलला. "तुमी तर आतून पाहिली असन कंपनी. सांगा बरं सर, एकच पोरगी हाये मले. पोराची नोकरी कशी हाये?"

स्वयंपाकघरात काकूंच्या हातातलं भांडं थांबलं. कुलूप आहे म्हणून सांगावं तर रंभाबाईंचं घर आणखी एकदा आपल्याच तोंडानं बुडवायचं. नोकरी उत्तम आहे म्हणावं तर समोर एका मुलीचा बाप बसलेला, आणि त्याच्या हातात आपलाच लेख. खोटं बोलवत नाही, आणि खरं सांगवत नाही. सरांनी मनाशी शोधलं, या सगळ्यात खरं आणि चांगलं असं काय उरलं आहे? रोशन उरला होता. रोज डबा घेऊन जाणारा, न रागावणारा, आईला जपणारा. यात तर तिळाइतकं खोटं नव्हतं. आयुष्यभर सांभाळलेलं छापील मराठी सरांच्या हातून सुटलं.

"पोरगा लय चांगला हाये जी," सर म्हणाले. "माणसं लय चांगली हायेत."

मुलीच्या वडलांनी सरांकडं नीट पाहिलं. मग अर्धा राहिलेला चहा टेबलावर ठेवला, कात्रण घडी करून सरांच्या समोर सरकवलं आणि हात जोडले. "समजलं जी," ते म्हणाले. "उपकार झाले तुमचे." फाटकापर्यंत जाऊन त्यांनी रंभाबाईंच्या घराकडं एकदा पाहिलं आणि तिकडं न वळता सरळ रस्त्याला लागले.

ते वळणावर दिसेनासे झाले तशा रंभाबाई पदराला हात पुसत धावत आल्या. घरात पोह्यांची फोडणी दिल्याचा वास त्यांच्या मागोमाग आला.

"गेले? आमच्याकडं नाही आले ते? सर, तुमी चांगलंच सांगितलं ना?"

"हो," सर म्हणाले. "चांगलंच सांगितलं."